सीटवर सत्तर किलो गहू

इंदूरच्या छावणी धान्य मंडीतल्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडून आम्ही चार वजनकाटे एका रविवारसाठी मागून आणले. पोती तोलायचे, ३०० किलोंपर्यंतचे, लाल आकड्यांचे. सांवेर रोडवरच्या शेडमध्ये ते चार चाकांच्या जागी मांडले आणि बाबांनी गवंड्यांची पाण्याची नळी लावून चारही एका पातळीत आणले. एकाखाली पत्र्याचा तुकडा, दुसऱ्याखाली फरशीची कपची. त्यातच दीड तास गेला. मग आम्ही स्वतः बांधलेली, ट्रॅकवर पळवायची छोटी गाडी हळूहळू त्यांच्यावर ढकलली. ड्रायव्हरच्या सीटवर माझ्याऐवजी गहू होता: पन्नास किलोचं पोतं, त्यावर वीस किलोची गोणी, बेल्टनं आवळून. हेल्मेट आणि सूट धरून माझं वजन तेवढंच भरतं, आणि मला तर पाना घेऊन खाली बसायचं होतं.

आकडे वहीत उतरवले. पुढचं उजवं चाक १८३, पुढचं डावं १३५, मागची दोन्ही १५७. एकूण ६३२ किलो, गव्हासकट. बाबा म्हणाले, "वजन ठीक आहे गं, पण उभी कशी आहे बघ. एक पाय आखूड असलेला चौरंग डुलतो ना, तशी."

अगदी तशीच होती. पुढचं उजवं आणि मागचं डावं मिळून ३४०, दुसऱ्या कर्णावर २९२. अशी गाडी डावीकडे एक वळते आणि उजवीकडे दुसरीच, आणि जोरात ब्रेक लावला की हलकं पडलेलं पुढचं चाक आधी घासतं. स्प्रिंगखालची, गाडीचा तो कोपरा वर-खाली करणारी चकती आम्ही अर्धा-अर्धा फेरा फिरवत गेलो. दर वेळी गाडी काट्यांवरून उतरवायची, चार पावलं पुढे-मागे ढकलायची, पुन्हा चढवायची. तसं केलं नाही तर टायर आडवे ताणलेले राहतात आणि काटा खोटं सांगतो. दिवेलागणीला आकडे आले: पुढचं उजवं १७१, डावं १४७, मागचं उजवं १६९, डावं १४५. दोन्ही कर्ण ३१६.

त्या दिवशी मला एक गोष्ट पुस्तकातून नव्हे, डोळ्यांनी कळली. पुढच्या दोन चाकांची बेरीज सकाळी ३१८ होती, संध्याकाळीही ३१८. उजव्या बाजूची सकाळी ३४०, संध्याकाळीही ३४०. चकत्या फिरवून वजन एका बाजूचं दुसऱ्या बाजूला जात नाही, फक्त कर्णांवरची वाटणी बदलते. उजवीकडचे जास्तीचे किलो म्हणजे मी. ते तोलायचे तर बॅटरी डावीकडे हवी होती, आणि ते चेसिसचं चित्र काढतानाच ठरायला हवं होतं.

हे फार पुढचं झालं. सुरुवात पीथमपुरातली.

मी रामबागेत वाढले. गेली बारा वर्षं पीथमपुरात गियर बनवणाऱ्या कारखान्यात मोजमाप विभागात काम करते. तिथेच नॅट्रॅक्सचा तो प्रचंड ट्रॅक आहे, ११.३ किलोमीटरचा, २०२१ च्या जूनमध्ये उद्घाटन झालेला. गाड्यांच्या चाचण्यांसाठी आहे तो, आमच्यासारख्यांनी रविवारी गाडी काढून जावं अशी ती जागा नाही. पण त्या आवारानं मला एकदा आत घेतलं होतं. २००७ मध्ये बाहा एसएईइंडिया या इंजिनिअरिंगच्या मुलांच्या गाड्यांची पहिली स्पर्धा पीथमपुरात झाली आणि नंतर काही वर्षांनी मी कॉलेजच्या टीमबरोबर तिथे होते. मुलांनी स्वतः बांधलेल्या बग्ग्या, सगळ्यांना एकाच जातीचं इंजिन. इंजिनात काही करायची मुभा नाही. म्हणजे जो गाडी हलकी करेल तो पुढे. आमची जड होती. चेसिसच्या प्रत्येक जोडाला आम्ही भीतीपोटी एक-एक पट्टी जास्त मारली होती, आणि त्या सगळ्या पट्ट्या चढावर हजेरी लावत होत्या.

तेव्हापासून हलक्या गाडीचं वेड डोक्यात राहिलं. नोकरी, घर, मुलगी शाळेत जायला लागणं, यात दहा-बारा वर्षं गेली. पण लोटस सेव्हनचे फोटो मी काढून-काढून बघायचे. कॉलिन चॅपमननं १९५७ मध्ये आणलेली ती गाडी: नळ्यांचा सांगाडा, वर पातळ पत्रा, दोन सीट, दार नाही. इंग्लंडात सुट्या भागांत विकत घ्यायची आणि घरी जोडायची. १९७३ मध्ये तिचे हक्क कॅटरहॅमकडे गेले आणि त्या घराण्याची गाडी आजही बनते. तिथे नवखी माणसं ती स्वतः जोडतात आणि पहिल्याच वर्षी आपल्यासारख्याच नवख्यांबरोबर शर्यतीत उतरतात. मला त्यातला हा भाग फार आवडला होता: पैसेवाला बाप किंवा लहानपणापासूनचं कार्टिंग नसलं, तरी शनिवार-रविवार आणि पाना-पकड असली की दार उघडतं.

आपल्याकडेही हा विचार नवा नाही, हे मात्र मला उशिरा कळलं. कोइम्बतूरच्या एस. करिवर्धन यांनी १९८० च्या दशकात मारुती ८०० चं इंजिन घेऊन फॉर्म्युला मारुती ही स्वस्त, हलकी एका सीटची गाडी उभी केली. पुढे २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय, नारायण कार्तिकेयन, सुरुवातीला त्याच गाडीत शिकला. करिवर्धन १९९५ मध्ये विमान अपघातात गेले. कोइम्बतूरजवळ चेट्टीपाळयमला २००३ मध्ये सुरू झालेला २.१ किलोमीटरचा कारी मोटर स्पीडवे त्यांच्याच नावाचा. गाडी बांधायला घेण्याआधी वर्षभर मी तिथे नुसती बघायला गेले होते. कोणाला सुरुवात करायची असेल तर माझं पहिलं सांगणं हेच: रिकाम्या हातानं एक दिवस पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करून दुरुस्त करतात तिथे, काढा. कोणाची गाडी दिवसभर चालते आणि कोणाची बॉनेट उघडी राहते हे बघा. त्या एका दिवसानं माझे निदान दोन लाख वाचले, कारण टर्बो, रुंद टायर, कार्बनची बॉडी ही सगळी स्वप्नं तिथेच गळाली.

कायद्याचंही आधी समजून घेतलं. अशी घरी बांधलेली गाडी टाइप अप्रूव्हलशिवाय, म्हणजे त्या नमुन्याच्या सरकारी मंजुरीशिवाय, आरटीओत नोंदवता येत नाही, म्हणजे रस्त्यावर चालवायचीच नाही. शेडमधून टेम्पोवर, टेम्पोवरून ट्रॅकवर. शेडच्या बाहेरच्या गल्लीत एक फेरी मारायचा मोह प्रत्येक रविवारी झाला, पण ती फेरी आम्ही कधी मारली नाही. रोजची गाडी ट्रॅकवर नेणाऱ्यांनीही पॉलिसी वाचावी: शर्यत आणि वेगाची चाचणी साध्या मोटार विम्यात धरत नाहीत.

परदेशी किट परवडणारं नव्हतं, म्हणून किट आम्हीच जमवलं. सेव्हनसारख्या गाडीला इंजिन लांबीच्या दिशेनं आणि जोर मागच्या चाकांना हवा. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्या पुढच्या चाकांवर चालतात, त्या कामाच्या नाहीत. पण दोन जुन्या मारुती कामाच्या: जिप्सी आणि ओम्नी. महूकडच्या एका कबाड्याकडे लष्कराच्या लिलावातून निघालेली जिप्सी होती, तिचं १.३ लिटरचं अॅल्युमिनियमचं इंजिन आणि पाच गियरचा बॉक्स घेतला. जिप्सीत ट्रान्सफर केस गियरबॉक्सपासून वेगळा असतो, तो सोडून देता आला, तेवढंच वजन कमी. मागचा अॅक्सल ओम्नीचा, कारण तो हलका आणि अरुंद. स्टिअरिंगची रॅक मारुती ८०० ची, पुढच्या डिस्कही मारुतीच्याच. सांगाडा एक इंची चौकोनी नळीचा. तो तेरा रविवार चालला, त्यात सांगण्यासारखं फार नाही. मोजा, कापा, टाके मारा, पुन्हा मोजा.

डोक्यामागच्या रोल बारची गोष्ट मात्र वेगळी. तो उलटलेल्या गाडीखाली माझं डोकं वाचवणार. त्याला सीमलेस, म्हणजे बिनशिवणीची, थंड ओढलेली नळी लागते, ४५ मिलिमीटर बाहेरचा व्यास आणि २.५ मिलिमीटर जाडी, किंवा ५० ला २. चौकोनी नळी शिवणीची चालते, ही नाही. मी लोहामंडीतून सीमलेस म्हणून पैसे मोजून नळी आणली, बिलावरही तसंच लिहून घेतलं. शेडमध्ये बाबांनी ती हातात घेतली, टोकातून तर्जनी आत घातली आणि सावकाश गोल फिरवली. एका जागी बोट थांबलं.

"इथे हात लाव," म्हणाले.

आत केसाएवढी उंच रेघ होती. शिवण. बाहेरून घासून गुळगुळीत केली होती, आत कोण बघणार? बाबा मिलमध्ये तीस वर्षं फिटर होते, त्यांच्या बोटांना डोळे आहेत. परत गेलो तर दुकानदार म्हणाला, "मॅडम, पाइप तो पाइप है." मला त्या वाक्याचा आजही राग आहे. नळी बदलून मिळाली नाही, आम्ही दुसरीकडून दाखल्यासकट घेतली. ती पहिली नळी अजून शेडच्या कोपऱ्यात आहे. नवीन कोणी आलं की मी त्यांना त्यात बोट घालायला लावते.

बार लावल्यावर झाडूच्या दांड्यानं तपासलं. सीटवर बसायचं, हेल्मेट घालायचं, दांडा बारच्या माथ्यापासून गाडीच्या नाकापर्यंत टेकवायचा. हेल्मेट त्याच्या खाली राहायला हवं, आणि बारच्या माथ्यापासून निदान ५ सेंटिमीटर तरी खाली. माझं तीनच होतं. सीटचे पाये कापून खाली घेतले.

सामानात जिथे हात आखडू नये ते म्हणजे अंगावरचं. मोटरसायकलचं हेल्मेट चालत नाही. गाडीच्या शर्यतीसाठीच्या स्नेल एसए हेल्मेटचं अस्तर आगीला टिकणारं असतं आणि ते रोल बारवर आपटण्याच्या हिशेबानंही तपासलेलं असतं. सहा पट्ट्यांचा बेल्ट, आगरोधक सूट, हातमोजे, मान झटक्यापासून सांभाळणारं हॅन्स. बेल्टवर मुदत छापलेली असते, जुना स्वस्तात मिळाला तरी ती बघून घ्यावी. या सगळ्याला मला सव्वा लाख लागले, आणि अख्ख्या गाडीला सहा लाखांच्या आसपास. इंजिन आणि गियरबॉक्सपेक्षा अंगावरचे कपडे महाग पडले हे घरी सांगताना मला जरा जड गेलं, पण यजमानांनी एकच विचारलं, "बार नीट आहे ना?"

ट्रॅक डेला, म्हणजे शर्यत न लावता आपापली गाडी ट्रॅकवर चालवायच्या दिवसाला, लायसन लागत नाही, शर्यतीला एफएमएससीआय या मोटरस्पोर्टच्या राष्ट्रीय संघटनेचं लागतं. मी ट्रॅक डेनंच सुरुवात केली आणि ते बरोबर होतं असं मला ठामपणे वाटतं. पहिल्या दिवशी आपल्याला दुसऱ्या गाडीशी झुंजायचं नसतं, आपल्याच गाडीची ओळख करून घ्यायची असते.

गाडी चौदा फुटी आयशरमधून कोइम्बतूरला गेली, मी आणि बाबा अहिल्यानगरी एक्सप्रेसनं. आईनं दोन रात्रींच्या प्रवासासाठी दशम्या आणि शेव बांधून दिली होती. ट्रकवाल्यांना मी हात जोडून सांगितलं होतं की पट्टे चाकांवरून बांधा, सस्पेंशनच्या दांड्यांवरून नको. त्यांनी ऐकलं. कर्णांचा तो ३१६-३१६ तसाच पोचला.

सकाळी सातला ब्रीफिंग. झेंडे: पिवळा म्हणजे पुढे धोका आहे, ओव्हरटेक बंद, निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय, लाल म्हणजे सगळ्यांनी हळू करून पिटमध्ये परत, काळा म्हणजे तुमच्याशी बोलायचंय, आत या. ओव्हरटेक फक्त सरळ पट्ट्यावर, तेही पुढच्यानं हात दाखवल्यावर. वीस मिनिटांची सत्रं. त्याआधी मी अख्खा ट्रॅक पायी चालले होते. चालताना उतार कळतात, गाडीत बसल्यावर ते फक्त पाठीला कळतात.

पहिलं सत्र सुंदर गेलं. साधारण ५६० किलोंच्या गाडीला ८० हॉर्सपॉवर हे कागदावर फार वाटत नाही, पण माझ्या घरच्या स्विफ्टचं इंजिन जवळपास तेवढंच आणि तिचं वजन नऊशेच्या वर. इथे स्टिअरिंग दोन बोटं हललं तरी नाक वळतं. तुम्ही चूक केली तर तेही लगेच, विनाविलंब ऐकायला येतं. मी टायरची हवा थंड असताना १७ पीएसआय ठेवली होती, हलक्या गाडीला तेवढीच लागते. आत आले, हँडब्रेक न ओढता चाकाखाली वीट लावली. मागचे ब्रेक ड्रमचे, तापलेल्या ड्रमवर ब्रेकचे शू दाबून ठेवू नयेत. बाबा चारही चाकांभोवती फिरले.

"मागून वास येतोय. पुढचं मात्र कोमटच आहे."

मी म्हटलं, ड्रम आहेत बाबा, उष्णता धरून ठेवतात. ते काही बोलले नाहीत. मी ऐकायला हवं होतं.

दुसऱ्या सत्रात धीर चेपला होता. चौथ्या फेरीला सरळ पट्ट्याच्या शेवटी मी ब्रेक आधीपेक्षा दहा-पंधरा मीटर उशिरा लावला, जोरात. गाडीचा मागचा भाग एकदम हलका झाला, जणू खालून कोणी फळी काढून घेतली. स्टिअरिंग उलटं फिरवेपर्यंत क्षितिज आडवं धावू लागलं. दोन्ही पाय आत दाबले, क्लच आणि ब्रेक. दीड गिरकी घेऊन गाडी गवतात थांबली, तोंड आल्या वाटेकडे. इंजिन चालू होतं. समोर पिवळा झेंडा हलत होता. मार्शलनं हात करेपर्यंत मी जागची हलले नाही. कानांत माझाच श्वास.

पॅडॉकमध्ये येऊन वही उघडली आणि कारण तिथेच दिसलं. मागच्या चाकांवर उभ्या गाडीत ३१४ किलो. जोरात ब्रेक लावला की त्यातले शंभरेक पुढच्या चाकांकडे जातात, मागे जेमतेम दोनशे उरतात. आणि मागचे ब्रेक कोणाचे? ओम्नीचे. आठ माणसं नाहीतर दुधाचे कॅन भरून नेणाऱ्या गाडीचे. ते भरलेल्या गाडीला थांबवायच्या हिशेबानं बनवले होते, माझ्या रिकाम्या मागच्या भागासाठी नव्हे. म्हणून मागची चाकं आधी जाम झाली, आणि मागची चाकं जाम झालेली गाडी सरळ राहत नाही. मी उभ्या गाडीचं वजन ग्रॅमपर्यंत मोजत बसले होते, ते चालताना कुठे जातं याचा हिशेब केला नव्हता.

शेजारच्या तंबूत एका सीटच्या गाड्या सांभाळणारे एक वयस्कर मेकॅनिक होते. त्यांनी माझी गिरकी बघितली होती. काही न विचारता आले, मागच्या ड्रमजवळ नाक नेलं, म्हणाले, "अक्का, रिअर टू मच." आणि आपल्या डब्यातून पितळेचा, फिरवायची मूठ असलेला एक व्हॉल्व्ह काढला. मागच्या ब्रेकच्या नळीत तो बसवला की ठराविक दाबानंतर मागे दाब कमी वाढतो. तो दाब कोणता, ते मुठीनं ठरवायचं. नळी कापणं, टोकं फुलवणं, तेल भरून हवा काढणं, यात जेवणाची सुट्टी गेली. तेल डॉट ४, साध्या डॉट ३ पेक्षा ते उशिरा उकळतं. बाबा पेडलवर, ते काका चाकाशी. एकाला मराठी-हिंदी, दुसऱ्याला तमिळ. "हं" म्हटलं की दाबायचं, "हं" म्हटलं की धरायचं. पैसे घेतले नाहीत. व्हॉल्व्ह इंदूरहून परत पाठवा म्हणाले.

तिसऱ्या सत्रात मी मूठ पूर्ण सैल ठेवून सुरुवात केली, म्हणजे मागे सर्वांत कमी दाब. त्याच वळणावर, त्याच खुणेपाशी, दर फेरीला थोडा जास्त जोर. पुढचं डावं चाक किंचित कुरकुरलं, गाडी सरळ. आत आले, मूठ अर्धा फेरा आवळली. पुन्हा बाहेर. पुन्हा आत, पाव फेरा. काट्यांवरच्या त्या रविवारसारखंच काम होतं, फक्त आता सीटवर गव्हाऐवजी मी होते आणि आकड्यांऐवजी पाठीचा मणका. ब्रेक एकदम सोडला तर नाक उचलतं आणि वळायला मागत नाही. सावकाश सोडला तर पुढे आलेलं वजन पुढेच राहतं आणि गाडी आपणहून आत येते. हे मी शंभर वेळा वाचलं होतं. सहाव्या फेरीला ते माझ्या उजव्या पायाला समजलं, आणि हेल्मेटच्या आत मी मोठ्यानं ओरडले.

शेवटच्या सत्रात वेळ मोजली नाही. ट्रॅकवर तिघंच उरलो होतो, ऊन तिरपं झालं होतं. शेवटची फेरी ब्रेकला हात न लावता थंड करत काढली आणि पॅडॉकमध्ये वळले. बाबा वीट घेऊन उभेच होते. ती चाकाखाली सरकवून ते पुढच्या डिस्कपाशी वाकले, तळहात चार बोटं दूर धरला आणि लगेच मागे घेतला. मग मागच्या ड्रमपाशी गेले. तिथे हात जवळ नेला, अजून जवळ नेला, शेवटी टेकवला आणि तसाच ठेवला.

"कोमट," म्हणाले. "वहीत लिही."